अक्काला वाचून दाखवलेला शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर उभा जन्म रंकाळ्यावर फेऱ्या मारल्या त्या मित्रांनाही नाही. माझ्या निरोपसमारंभात एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं — सर, तुम्हाला तत्त्वज्ञानाची गोडी कुणी लावली? तेव्हा ओठावर आलं होतं. पण मी काय सांगितलं? थोरामोठ्या कादंबऱ्यांनी, म्हणालो. टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला. ते खोटं नव्हतं म्हणा — पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं गिळायची आता इतकी सवय झालीय की घसासुद्धा कुरकुरत नाही.

तर ऐका. मध्येच थांबलो तर ढोसा, कारण मी थांबणार. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला, आणि सासरच्यांनी एका ट्रंकेसकट तिला कसबा बावड्याला आणून सोडलं. पुढं आई-वडीलही पाठोपाठ गेले. घरात राहिलो आम्ही दोघं आणि चार म्हशी. त्या म्हशींवर अक्कानं मला वाढवलं, मॅट्रिक केलं, कॉलेजात घातलं. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एक नेम होता — गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. आत काढून आणलेलं दूध ती कुणाला देत नसे. "झाकून काढल्यालं म्हंजी शंका आली की," म्हणायची. तिच्या दुधाला बावड्यात कुणी नाव ठेवलं नाही.

कॉलेजात मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला तो चक्क चार वकिलांच्या पोरांनी घेतला म्हणून. शहरातली, इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं. त्यांच्या बाकावर बसायला मिळावं एवढीच माझी झेप. संस्थान विलीन होऊन वर्ष झालं होतं, जो तो मोठमोठ्या गोष्टी बोलत होता, आणि मला आपलं इंग्रजी पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी दशा बघून आमच्या सरांनी सांगितलं, अरे, ती पुस्तकं ठेव बाजूला. आधी थोर कादंबऱ्या वाच, भाषांतरं मिळतात वाचनालयात. आधी माणसं भेटू देत, विचार मागनं येतील. मी सायकलला पिशवी अडकवून ती जाडजूड पुस्तकं बावड्याला आणू लागलो.

आता गंमत बघा. दुपारी मी सोप्यात मुकाट वाचत बसलो की अक्का वैतागायची. तिच्या लेखी वाचणं म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे मोठ्यानं. "वाचतोस म्हनं! मग आवाज कुठं हाय?" तिला वाटायचं मी पुस्तकाआड झोपा काढतोय. शेवटी कटकट नको म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो. ती समोर बसून सरकी निवडायची, दुधाच्या चरव्या घासायची आणि ऐकायची. तिसऱ्या दिवशी बघतो तर हात धुऊन, पदराला पुसून, तिनं पुस्तकावर पांढरं फूल ठेवलेलं. पुस्तक संपलं की समाप्ती — गूळ-खोबरं वाटायची शेजारी. एकदा पुठ्ठ्यावर हळदीचं बोट उमटलं तर वाचनालयाच्या कारकुनानं मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मी घरी येऊन अक्कावर ओरडलो, ही पोथी नव्हे, गोष्ट आहे! ती म्हणाली, "आरं, पोथीत तरी काय असतंय?"

आणि तिचे प्रश्न! एका कादंबरीत एक सावकार होता, तो दुष्काळात गावाला धान्य वाटायचा, पण लोक बघत असतील तेव्हाच. मला तो नुसता ढोंगी वाटला. अक्कानं चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, कुणी बघत नसताना दिलं तरच ते दिलं, हे खरं. पण कुणीच बघितलं न्हाय, तर आपण चांगलं हाय का वाईट, हे ज्याचं त्याला तरी कसं कळायचं? मी दोन दिवस ह्याच विचारात सायकल चालवत होतो. तिसऱ्या दिवशी निबंधात ते जसंच्या तसं उतरवलं. सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. वकिलांची पोरं वळून माझ्याकडं बघू लागली. तो प्रश्न माझ्या अडाणी बहिणीचा आहे, हे मी सांगितलं का? नाही. पुढंही नाही. वर्षभर मी तिच्या प्रश्नांवर कॉलेजात हुशार म्हणून मिरवलो.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. छे हो. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सांगायला बसलोच नसतो.

कळंब्याचा एक माणूस आमच्याकडं ओला चारा घालायचा. गणपतराव. तळ्याखाली त्याचा मळा होता, बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बैलगाडीतून चारा उतरवायचा आणि निघून जायचा. एकदा मी वाचत होतो तेव्हा आला, आणि भारा खांद्यावर तसाच घेऊन उभा राहिला. अक्का म्हणाली, "पावणं, भारा खाली ठिवून ऐका की. मान मोडंल." तेव्हापासून तो गाडीच्या जुवावर बसून ऐकायचा. त्यालाही अक्षर येत नव्हतं. मला तो "मास्तर" म्हणायचा. माणूस शांत, बोलणं मोजकं. चारा खरं तर दिवसाआड लागायचा — तो रोज यायला लागला. आणि अक्का हसायला लागली. हे मी आधी सांगायला हवं होतं, की तोवर मी तिला खळखळून हसताना पाहिलं नव्हतं. त्या वर्षी पाहिलं.

त्याच वेळी ती कादंबरी लागली. कुठल्याशा बर्फाळ मुलखातली. एक विधवा दिराच्या घरी राबत असते. नदीवरचा नावाडी तिला म्हणतो, पलीकडं चल माझ्याबरोबर. सारं गाव विरोधात. ती सबंध हिवाळाभर विचार करते — माणूस कुणाच्या मालकीचं असतं? मेलेल्यांच्या? पोसणाऱ्यांच्या? का स्वतःच्या? मी वाचत होतो आणि समोर दोन माणसं एकमेकांकडं न बघता ऐकत होती. मला कळत नव्हतं असं समजू नका. मला सगळं कळत होतं.

एके दिवशी गणपतरावांनी मला शहरापर्यंत गाडीतून नेलं. वाटेत, कासरा हातात धरून, समोर बघतच म्हणाले, "मास्तर, अक्काला इचारलंय मी. पाट लावूया म्हनलो. म्हशी सगळ्या कळंब्याला येतील, आन् तुमी पन. तुमचं शिक्षान मी अडू देनार न्हाय. हे आदी तुमच्या कानावर घालतो." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या भावकीत ते चालत नव्हतं. ज्या घरी पाट लागला, त्या घरची पोरगी कुणी करत नसे, त्या घरी पंक्तीला कुणी बसत नसे. मी "बरं" म्हणालो. एवढंच.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण ह्यापुढं जे केलं ते शिक्षण बुडेल म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण त्यानं तर मला आधीच शब्द दिला होता! मग कशासाठी? सांगतो. त्या बाकावरच्या पोरांसाठी. ती उद्या म्हणतील, ह्याच्या बहिणीनं चारेवाल्याशी पाट लावला — ह्या एका वाक्याची मला भीती वाटली. त्याच महिन्यात मी व्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. थुंकाल ना? थुंका.

अक्कानं त्याला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. आमच्याकडं अडचण पडली की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर देवाची हो, डावं पडलं तर नाही. मला वाटलं ती देवळात जाईल. पण त्या दुपारी पुस्तकावर फूल ठेवताना ती म्हणाली, "बापू, देवाला माझं काय ठावं? त्यो बाप्या मानूस. ह्या बाईला ठावं हाय. ही काय करती आन् तिचं काय हुतंय, त्योच माझा कौल." दहा-बारा पानं उरली होती. म्हणाली, उद्या संपव.

मी पुस्तक घेऊन तडक रंकाळ्यावर गेलो आणि काठावर बसून शेवट वाचून काढला.

शेवट काय होता म्हणता? काहीच नव्हता. ती बाई नावेत बसते. गाव काठावरून शिव्या देतं. नाव पलीकडं लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठते, चूल पेटवते, बघते तर घरात मीठ नाही. नवं गाव, ओळख ना देख. भीत भीत शेजारणीचं दार वाजवते. शेजारीण मूठभर मीठ देते, आणि म्हणते, आज थंडी फार आहे. संपलं पुस्तक. आभाळ कोसळलं नाही, देव कोपला नाही. मीठ मागितलं, मिळालं.

मी तिथं बसून रडलो. खरंच सांगतो, रडलो. पुस्तकांतून माणसाला जे कळायचं ते मला त्या काठावर कळलं — की माणूस स्वतःचं आयुष्य स्वतः निवडतो आणि जग आपलं चालत राहतं. तत्त्वज्ञान म्हणतात ते हेच, असं वाटून अंगावर काटा आला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी काय केलं?

गणपतराव जुवावर बसले होते. अक्काच्या हातात सरकीचं सूप होतं. मी वाचू लागलो. ती नावेत बसेपर्यंत शब्द न् शब्द बरोबर वाचला. मग डोळे छापील ओळीवर ठेवले आणि तोंडानं दुसरंच बोलू लागलो. नदीच्या मधोमध बर्फाचा मोठा तुकडा आदळला, म्हणालो. नाव फुटली. दोघं बुडाली. काठावरचं गाव म्हणालं, घर सोडलेल्या बाईचं हेच होतं. मधे पानही उलटलं, बरं का, वेळेवर. आवाज थरथरू दिला नाही. अक्कानं जन्मात दुधात पाणी घातलं नाही; मी तिच्या समोर बसून घातलं आणि तिला ते दिसलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं.

अक्काचे हात थांबले. गणपतराव उठले, बैल जुंपले, म्हणाले, "बरं, मास्तर. येतो." चारा उतरवायचा राहिलाय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. भरली गाडी तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी समाप्ती. गूळ-खोबरं किसून झालं, आणि अक्का म्हणाली, शेवट परत एकदा वाच. छापलेलं असतं तर पुन्हा वाचता आलं असतं. मनातलं कसं वाचू? मी काहीबाही जुळवत गेलो. वादळ सुटलं, म्हणालो, नाव उलटली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची आठवण कशी असते, ठाऊक आहे? ऐकलेला शब्द विसरत नाहीत. अक्का म्हणाली, "काल बरफ आदळला व्हता की रं."

मी म्हणालो, दोन्ही झालं. काल घाईत वादळाचं वाचायचं राहिलं.

"व्हय?" ती म्हणाली. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग गूळ-खोबऱ्याची वाटी माझ्या हातात दिली. दोन दिवसांनी तिनं कळंब्याला निरोप धाडला — न्हाय म्हणून. पुढं चारा दुसऱ्याच माणसाकडून येऊ लागला. तीनेक वर्षांनी गणपतरावांनी लग्न केलं, असं कानावर आलं. अक्कानं ऐकलं आणि म्हणाली, बरं झालं, मानूस चांगला व्हता. ती तेव्हा तेहतीस-चौतीसची असेल. त्यानंतर मी कितीतरी पुस्तकं तिला वाचून दाखवली, पण ती फूल ठेवायची बंद झाली. आणि वाचताना मध्येच, थट्टेनं विचारावं तसं विचारायची, "पुस्तकातलं हाय, का तुझ्या पदरचं?" मी दर वेळी म्हणायचो, पुस्तकातलं. दर वेळी ते खरं असायचं. त्या एकाच वेळी नव्हतं.

एम. ए. झालो, कॉलेजात नोकरी लागली. कादंबरीतून तत्त्वज्ञान शिकवणारा म्हणून नाव झालं. एका मे महिन्यात गावातल्या व्याख्यानमालेत मला बोलावलं. बोलता बोलता मी त्या नावेच्या कादंबरीवर आलो — माझ्या हातखंडा विषयावर. अक्का कधीच माझ्या भाषणाला येत नसे. त्या संध्याकाळी शेजारच्या बायकांनी तिला आणलं होतं. मला ती दिसली तेव्हा विधवा नावेत बसली होती. बायकांच्या रांगेत, खांबाजवळ, पदर सावरून अक्का ऐकत होती.

थांबता आलं नसतं का? आलं असतं. पाणी पिऊन विषय बदलता आला असता. पण अध्यक्षांच्या खुर्चीवर एक विद्वान होते, त्यांनी ते पुस्तक वाचलं होतं. समोर तीनशे शिकलेली माणसं. त्यांच्यासमोर शेवट चुकीचा सांगायची माझी छाती झाली नाही. बघा म्हणजे — मी खोटं बोलायला घाबरत होतोच की! फक्त एका माणसासमोर घाबरलो नव्हतो, आणि ती माझ्या आईच्या जागी होती. मी खरा शेवट सांगितला. नाव पलीकडं लागली, चूल पेटली, मीठ मिळालं. फार रंगवून सांगितला. माणूस स्वतःचा मालक असतो, हे वाक्य मी खांबाकडं न बघता म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बरोबरच्या बायका बडबडत होत्या, म्हणून वाटेत काही बोलणं झालं नाही. घरी आल्यावर अक्का आधी गोठ्यात गेली. म्हशींना पाणी दाखवलं, पेंड घातली. बाहेर येऊन दगडावर हात धुतले. मी उंबऱ्यात उभा होतो. वाट बघत होतो — शिवी देईल, ओरडेल, निदान विचारेल, पुस्तकातलं हाय का पदरचं? ती हात पुसत म्हणाली,

"मीठ दिलं तर शेजारनीनं."

एवढंच. रागानं नाही, रडून नाही. ओळखीच्या बाईची खुशाली उशिरा कळावी तसं म्हणाली. तेव्हा तोंड उघडायचं होतं. अक्का, मी खोटं वाचलं — चार शब्द. मी आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं, आणि ते चार शब्द काढले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर ती जी एकोणीस वर्षं जगली त्यांत एकदाही नाही. तिनं मला परत कधी वाचायला सांगितलं नाही. "पदरचं का?" हेही परत विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं माझं पान वाढलं. आमटी-भात, वांग्याची भाजी, आणि नेहमीच्या जागी, ताटाच्या वरच्या कडेला, चिमूटभर मीठ. समोर बसून ती मला वारा घालत होती. मी जेवलो. वर आणखी भात मागून घेतला.